दातेरी कडा: आधी वळलेली की घावातच उमटलेली?

जुन्या नाण्यांच्या याद्यांमध्ये ‘दातेरी कडा’ एवढंच लिहून पुढं जातात. पण यंत्राच्या टाकसाळीत हे दाते दोन अगदी वेगळ्या रीतींनी पडत. एका रीतीत चकतीची कडा आधी तयार होई आणि छाप नंतर बसे. दुसरीत दोन्ही बाजूंचा छाप आणि कडा एकाच घावात उमटे. हा फरक कळला की नाणं कोणत्या यंत्राखालून आलं असावं, याचा अंदाज बांधता येतो.

कडेवर काही उमटवावं असं वाटण्याचं कारण चोरी. हातोड्यानं पाडलेल्या चांदीच्या नाण्याची कड वेडीवाकडी असे. कोणी तिची किनार कातरून चांदी काढून घेतली तरी पटकन कळत नसे. लंडनच्या टॉवरमधल्या टाकसाळीनं १६६२ च्या क्राउन नाण्याच्या कडेवर ‘डेकस एट टुटामेन’ ही लॅटिन अक्षरं घातली. अर्थ: अलंकार आणि रक्षण. कातरलं की अक्षरं तुटणार आणि चोरी उघडी पडणार.

या पहिल्या रीतीचं प्रसिद्ध यंत्र फ्रान्समधल्या जाँ कास्तेंग या अभियंत्याचं, १६८५ च्या सुमाराचं. दोन समांतर पोलादी पट्ट्या, एक पक्की बसवलेली आणि एक सरकणारी. निम्मी नक्षी एकीवर, निम्मी दुसरीवर. दोन तळव्यांत पेन्सिल फिरवावी तशी चकती या पट्ट्यांमधून वळवत नेत. अर्धा फेरा झाला की कडेचा पूर्ण घेर कोरला जाई. मग ती चकती स्क्रू प्रेसखाली जाई. वजनं लावलेला आडवा दांडा माणसं झोकानं फिरवत आणि वरचा ठसा चकतीवर आदळे. खाली बसलेला कामगार हातानं चकती ठेवी आणि उडवून लावी. बोटांसाठी फार धोक्याचं काम होतं ते.

यात एक उणीव राही. घाव बसताना चकतीभोवती काहीच नसल्यामुळं धातू बाहेर पसरे. त्यामुळं व्यास नाण्यागणिक थोडा बदले आणि कडेवरची नक्षी किंचित चेपटे. शिवाय चकती कोणत्या बाजूनं ठेवली जाईल याचा नेम नसल्यानं कडेची अक्षरं एका नाण्यावर सुलटी तर दुसऱ्यावर उलटी दिसतात. दोन पट्ट्यांच्या नक्षीची टोकं जिथं भेटतात, तिथं फट किंवा एकावर एक आलेल्या रेघाही सापडतात. माझ्या मते ओळखीची सर्वांत भरवशाची खूण हीच.

दुसरी रीत रुजली ती मॅथ्यू बोल्टन या इंग्रज कारखानदाराच्या बर्मिंगहॅमजवळच्या सोहो टाकसाळीत. १७८८ मध्ये उभारलेल्या या टाकसाळीत प्रेस वाफेच्या बळावर चालत. अनेकांचा इथं गोंधळ होतो: वाफ आली म्हणजे स्क्रू गेला असं नाही, बोल्टनचा प्रेस स्क्रूचाच होता. खरी कमाल कॉलरची, म्हणजे चकतीभोवती घट्ट बसणाऱ्या पोलादी कड्याची. धातूला पसरायला वावच उरला नाही, त्यामुळं प्रत्येक नाणं गोल आणि एका मापाचं निघू लागलं. १७९७ चा त्याचा एक औंसाचा तांब्याचा पेनी बघा. कडा साधी आहे, पण गोलाई निर्दोष.

अखंड कॉलरच्या आत उभ्या खाचा कोरल्या की घावाबरोबर दाते उमटतात. नाणं मात्र वर ढकलून सुटलं पाहिजे. उभ्या खाचांतून ते सरळ सुटतं, अक्षरांत अडकून बसलं असतं. म्हणून उठावाची अक्षरं हवी असतील तर कॉलर अनेक तुकड्यांची करावी लागे. फ्रान्सनं पुढं तीन तुकड्यांची कॉलर वापरली.

आपल्याकडं याचा उपयोग पाहायचा तर ईस्ट इंडिया कंपनीचा कलकत्त्याचा ‘१९ सन सिक्का’ रुपया घ्या. १७९३ पासून त्यावर शाह आलम बादशहाच्या कारकिर्दीचं एकोणिसावं वर्ष गोठवलेलं, त्यामुळं तारखेवरून काळ ठरत नाही. तो कडेवरून ठरवतात. तिरपे दाते असले तर नाणं १८१८ पर्यंतचं, उभे असले तर त्यानंतरचं, आणि साधी कड १८३० नंतरची. तिरपे दाते अखंड कॉलरमधून सरळ वर निघणं शक्य नाही, तेव्हा ते वळूनच पाडलेले. उभे दाते दोन्ही रीतींनी येतात, तिथं नक्षीची टोकं भेटतात तो सांधा शोधावा आणि तशीच चार नाणी एकावर एक रचून व्यास ताडून पाहावा.

वळण्याची रीत वाफेनंतरही संपली नाही. १९९२ पासूनचं आपलं जाड, पांढरं पाच रुपयांचं नाणं आठवा. त्याच्या कडेच्या मधोमध खोल खाच फिरते. अशी आडवी खाच असलेलं नाणं अखंड कॉलरमधून सरळ वर निघू शकत नाही.