आई-बाप बोलेनासे झाले की

2017 साली अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. 18 ते 55 वयाची 201 धडधाकट माणसं. त्यांच्या नाकात सर्दीच्या विषाणूचे थेंब सोडले आणि पाच दिवस सगळ्यांना वेगळं ठेवून कोणाला सर्दी होते ते पाहिलं. लहानपणी आई-वडील एकत्र होते का, वेगळे झाले असतील तर एकमेकांशी बोलत होते का, हेही प्रत्येकाला विचारलं होतं. ज्यांचे आई-वडील वेगळे होऊन बोलेनासे झाले होते, त्यांना सर्दी होण्याचं प्रमाण एकत्र कुटुंबात वाढलेल्यांच्या तिपटीहून जास्त निघालं. वेगळे होऊनही बोलत राहिलेल्यांच्या मुलांमध्ये मात्र अशी वाढ दिसली नाही.

हे वाचलं तेव्हा मला आपल्याकडची घरं आठवली. खानदेशात ‘घटस्फोट’ हा शब्द तसा कमीच कानावर येतो. ‘ती नांदत नाही’, ‘माहेरी बसली’, ‘फारकत झाली’ असं म्हणतात. 2011 च्या जनगणनेत देशात घटस्फोटितांच्या जवळपास तिप्पट लोक ‘विभक्त’ म्हणून नोंदले गेले. म्हणजे कोर्टाची पायरी न चढता वर्षानुवर्षं अधांतरी राहणारी जोडपीच जास्त. मी पाहिलेल्या बैठकांत दागिन्यांचा, भांड्याकुंड्यांचा, लग्नखर्चाचा हिशेब पैशापैशाने झाला. पोरगं बापाला कधी भेटणार, फोन कोण लावणार, हे कोणी काढलंही नाही.

जळगावच्या बसस्थानकावर पाहिलेला एक मुलगा माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. आठेक वर्षांचा असेल. बाप त्याला सोडून दहा पावलं मागेच थांबला, आई पुढे आली. दोघांत एक शब्द नाही. आईने विचारलं, “तिथं काय खाल्लं?” मुलाने आधी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग मागे वळून बापाकडे, आणि म्हणाला, “काही नाही.” त्याच्या शर्टावर शेवभाजीचा डाग होता.

प्रत्येक उत्तराआधी दोन चेहरे वाचायचे, हे काम त्या मुलाचं शरीरही करत असतं. धोका जाणवला की कॉर्टिसॉल हे संप्रेरक वाढतं आणि धोका टळला की उतरतं. धोका टळतच नसेल तर ही यंत्रणा बिघडू लागते. एरवी कॉर्टिसॉल शरीरातली सूज आवरून धरतं, पण ताण फार काळ राहिला की पेशी त्याला नीट दाद देईनाशा होतात. सर्दीच्या प्रयोगात बोलेनाशा आई-बापांच्या मुलांमध्ये विषाणू शिरल्यावर हीच सूज, म्हणजे दाह, जास्त झालेला आढळला, आणि जास्त सर्दीचं ते एक कारण असावं असं संशोधकांना दिसलं.

मग सगळा दोष वेगळं होण्याचाच का? ब्रिटनमध्ये 1958 च्या मार्चमधल्या एका आठवड्यात जन्मलेल्या मुलांचा मागोवा पुढे कित्येक वर्षं घेतला गेला. समाजशास्त्रज्ञ अँड्र्यू चेर्लिन यांनी ती माहिती 1991 मध्ये तपासली. घटस्फोटानंतर मुलांच्या वागण्यात आणि अभ्यासात जे बिघडलेलं दिसत होतं, त्यातलं बरंचसं सातव्या वर्षीच, आई-बाप एकाच छपराखाली असताना, दिसू लागलं होतं. मुलग्यांमध्ये हे जास्त ठळक होतं. अमेरिकेतले समाजशास्त्रज्ञ पॉल अमॅटो यांच्या अभ्यासाने आणखी एक गोष्ट दाखवली: रोजची कडाक्याची भांडणं असलेल्या घरातली मुलं आई-बाप वेगळे झाल्यावर मोठेपणी जास्त बरी राहिली. त्रास जास्त झाला तो वरवर शांत असलेलं घर अचानक मोडलेल्या मुलांना. त्यामुळे ‘लेकरांकडे पाहून दिवस काढ’ हा सल्ला मार खाणाऱ्या बाईला देऊ नये, असं मला ठामपणे वाटतं.

‘फारकतीच्या घरातलं पोर वाया जातं’ हेही खरं नाही. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ मेव्हिस हेदरिंग्टन यांनी सुमारे 1,400 कुटुंबांचा दीर्घ अभ्यास केला. घटस्फोटित घरांतल्या साधारण 25 टक्के मुलांना पुढे गंभीर अडचणी आल्या, इतर घरांत हे प्रमाण 10 टक्के होतं. फरक मोठा आहे, तो लपवू नये. पण चारातली तीन मुलं सावरली, हेही गावात कोणीतरी मोठ्याने सांगायला हवं. न सावरणाऱ्यांमागे बऱ्याचदा आटलेला पैसा, बदललेली शाळा आणि न संपणारं भांडण असतं.

आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, माहेरवाशिणी येतात, झोके बांधले जातात, घर पोरांनी भरतं. चार-आठ दिवसांनी ती सगळी आपापल्या गावी परततात. मामाच्या गावालाच कायमचं राहणारं पोर मग रिकाम्या झोक्यावर बसतं. अमळनेर तालुक्यातल्या एका घरात असाच एक मुलगा आखाजीनंतर तापाने पडला होता. तीन वर्षं अबोला धरलेल्या त्याच्या आईने त्याच्यासमोरच नवऱ्याला फोन लावला. “ताप उतरतोय. गोळी आठ वाजता दिलीय. रविवारी न्यायला आलात तर औषध सोबत देते.” एवढंच बोलून तिने फोन मुलाच्या हातात दिला. मुलगा उठून बसला आणि बापाला झोक्याबद्दल सांगू लागला. सांगताना तो एकदाही आईच्या चेहऱ्याकडे पाहत नव्हता.