विद्या बाळ, पन्नाशीनंतरची बाई आणि आपला मराठवाडा : थोडी पार्श्वभूमी

विद्या बाळ यांचं नाव निघालं की 'मिळून साऱ्याजणी' आठवतं, पण ऑगस्ट 1989 ला ते मासिक निघालं तेव्हा बाईंचं वय 52 होतं हे फारसं कुणी बोलत नाही. 'स्त्री' मासिकात कितीतरी वर्षं काम झालेलं, 1983 ते 86 तिथंच संपादकपद, कादंबऱ्या लिहून झाल्या, 'कमलाकी'सारखं चरित्र झालं, आणि ज्या वयात आपल्याकडं बाईला "आता नातवंडं सांभाळा, देवदेव करा" म्हणतात त्या वयात त्यांनी नवीन मासिक काढलं. मंदिरात बायकांना जाऊ द्यावं म्हणून 2016 ला मुंबई हायकोर्टात याचिका केली तेव्हा 79. सन्मानानं मरण्याच्या हक्कावर पण त्या उघड बोलायच्या. 30 जानेवारी 2020 ला गेल्या. मला त्यांचं मोठेपण यात वाटतं की म्हातारपणाकडं जाणारी बाई काय विचार करते हे त्यांनी सगळ्यांसमोर, छापील पानावर आणलं.

आता हे पुण्यात झालं. मराठवाड्यात बायकांनी उतारवयाबद्दल असं मोकळेपणानं लिहिणं-बोलणं उशिरा पोचलं, त्याला कारणं आहेत.

तसं पाहिलं तर सुरुवात इकडचीच म्हणावी लागेल. वेरूळजवळच्या देवगावात जन्मलेल्या, वैजापूर तालुक्यातल्या शिऊरला समाधी असलेल्या संत बहिणाबाई, सतराव्या शतकातल्या. नवऱ्याचा मार, लहानपणीचं लग्न, तुकोबांना गुरू मानणं, सगळं त्यांनी अभंगातून सांगितलं आणि शेवटी मरण समोर दिसत असताना मुलाला बसवून आधीच्या बारा जन्मांची हकीकत सांगितली. उतारवयात बसून स्वतःच्या आयुष्याचा हिशोब मांडणारी बाई आपल्या मातीत इतकी जुनी आहे! पुढं लक्ष्मीबाई तिलकांची 'स्मृतिचित्रे' 1934 पासून यायला लागली, त्या वेळी त्यांनी पासष्टी गाठलेली.

पण मधल्या काळात आपल्याकडं निजामाचं राज्य, वरच्या शिक्षणाचं माध्यम उर्दू, मराठी शाळा कमी आणि मुलींच्या तर विचारूच नका. 17 सप्टेंबर 1948 ला मराठवाडा मोकळा झाला, विद्यापीठ आलं 1958 ला. साधा हिशोब करून बघा, त्या वर्षी अठराची असलेली मुलगी पन्नास वर्षांची होते 1990 ला. म्हणजे कॉलेजचं तोंड बघितलेल्या आपल्या बायकांची पहिली मोठी पिढी पन्नाशीला आली आणि जवळपास त्याच सुमाराला विद्याताईंचं मासिक निघालं. त्याआधी रात्री घाम फुटतो, अंग भणभणतं, उगाच रडू येतं, हे कुणाला सांगायचं? सासू म्हणणार "आम्हाला नाही झालं असलं काही", डॉक्टर म्हणणार वय झालं. पाळी जाणं हा विषय स्वयंपाकघरातच कुजबुजत संपायचा, त्याला पानावर जागा मिळाली ती अशा मासिकांमुळं आणि पेपरच्या पुरवण्यांमुळं, पुस्तकं नंतर आली.

आणि ज्यांच्यापर्यंत हे काहीच पोचलं नाही त्या बायका बीडच्या. ऊसतोडीला नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे एक जोडी धरतात, मुकादमाची (मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराची) उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, आधीच घेतलेली, खाडा झाला की दंड, मग पाळीच्या दिवसात करायचं काय? पिशवी, म्हणजे गर्भाशय, काढून टाकायची. 2019 ला सरकारनं नेमलेल्या समितीच्या पाहणीत बीड जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड बायकांपैकी 13,861 जणींची पिशवी काढलेली निघाली, त्यातल्या कितीतरी चाळिशीच्या आतल्या. इतरांना पन्नाशीला येणारा बदल यांच्यावर ऐन तिशीत येऊन आदळतो, कंबर जाते, हाडं दुखतात, चक्कर येते आणि तरी दिवाळी झाली की फडावर जायचंच. उतारवयावर लिहिताना ह्या बायकांना बाहेर ठेवलं तर ते लिखाण अर्धंच आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

हे काम करू शकली असती अशी एक लेखिका मराठवाड्यानं दिली होती, कविता महाजन, जन्म नांदेडचा, 1967. कादंबरी पण लिहायच्या, पेपरात सदरं पण. पंचायतीत निवडून आलेल्या आदिवासी बायकांमधून 2005 ला 'ब्र' आली, मग 2007 ला एचआयव्हीवरची 'भिन्न'. आधी जाऊन ऐकायचं, माहिती गोळा करायची, मग कादंबरी, पत्रकार आणि कादंबरीकार एकाच बाईत. सप्टेंबर 2018 ला त्या गेल्या, वय अवघं 51. बीडची ती पाहणी त्याच्या पुढच्याच वर्षी झाली.