देहविक्रय : कायदेशीर मान्यता आणि सुरक्षितता

देहविक्रय कायदेशीर केल्याने सेक्स वर्कर अधिक सुरक्षित होतात का, हा कायदा, सार्वजनिक आरोग्य आणि स्त्री-चळवळ या तिन्ही क्षेत्रांत अनेक दशके चाललेला वाद आहे. पोलिसांची भीती कमी झाली की मारहाण, बलात्कार आणि संसर्गही कमी होतात, असा आजवरच्या पुराव्यांचा कल दिसतो. मात्र सरकारने धंद्याला परवाने दिले म्हणून ती भीती सगळ्यांच्या मनातून जात नाही. कायदा कोणत्या प्रकारचा आहे आणि तो कोणाला बाहेर ठेवतो, यावर बरेच काही ठरते.

कायद्यांचे प्रकार

अमेरिकेच्या बहुतेक राज्यांत देहविक्रय करणारी व्यक्ती आणि गिऱ्हाईक दोघेही गुन्हेगार ठरतात. भारत, ब्रिटन अशा देशांत प्रौढ व्यक्तीने पैसे घेऊन संबंध ठेवणे हा स्वतंत्र गुन्हा नाही, पण कुंटणखाना चालवणे, रस्त्यावर गिऱ्हाईक मिळवणे अशा आजूबाजूच्या गोष्टी गुन्ह्यात मोडतात. स्वीडनने १९९९ मध्ये विकणाऱ्याला मोकळे सोडून विकत घेणाऱ्याला शिक्षा देणारा कायदा केला. हे ‘नॉर्डिक प्रारूप’ पुढे नॉर्वे, आइसलँड, फ्रान्स (२०१६) आणि आयर्लंड (२०१७) यांनी स्वीकारले. नेदरलँड्सने २००० मध्ये कुंटणखान्यांवरची बंदी उठवून परवाने सुरू केले आणि २००२ मध्ये जर्मनीने हा व्यवसाय कायदेशीर कक्षेत आणला. न्यूझीलंडने २००३ मध्ये वेगळी वाट धरली. तेथे प्रौढांचा संमतीने होणारा देहविक्रय फौजदारी कायद्यातून काढून कामगार, आरोग्य आणि नगरनियोजनाच्या साध्या नियमांखाली आणला गेला. यालाच निर्गुन्हेगारीकरण म्हणतात. परवाना पद्धत आणि निर्गुन्हेगारीकरण यांना एकच समजून बोलले जाते, तिथेच बहुतेक चर्चा भरकटतात.

धोका कुठून येतो

सेक्स वर्करवर हात उचलणाऱ्याला एक खात्री असते, की ही तक्रार करणार नाही. पोलिसांकडे गेली तर उलट तिच्यावरच गुन्हा नोंदला जाईल, घरमालक घर खाली करायला लावेल, मुलांचा ताबा जाईल, ही भीती तिचे तोंड बंद ठेवते. रस्त्यावर काम करणारी बाई गाडीत बसण्याआधी माणूस निरखते. तो प्यायलेला आहे का, मागे आणखी कोणी बसले आहे का, हे पाहते. पैशांचे आणि कंडोमचे आधी बोलून घेते, गाडीचा नंबर मैत्रिणीला सांगून ठेवते. पोलिसांची गस्त जवळ आली की हे सगळे काही क्षणांत उरकावे लागते किंवा राहूनच जाते. मग ती अंधाऱ्या, निर्जन जागी जाते. ह्यूमन राइट्स वॉच या संघटनेने २०१२ मध्ये अमेरिकेतील न्यूयॉर्कसह चार शहरांतून दाखवून दिले की पोलीस पर्समधले कंडोम गुन्ह्याचा पुरावा म्हणून वापरत होते, आणि त्या धास्तीने काहीजणी कंडोम जवळ बाळगणेच टाळत होत्या.

कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१३ च्या बेडफर्ड खटल्यात नेमका हाच संबंध तपासला. व्हँकुव्हरच्या डाउनटाउन ईस्टसाइड भागातून वर्षानुवर्षे बायका बेपत्ता होत होत्या आणि यामागे कोणी खुनी आहे असा संशय होता. त्याच काळात, रस्त्यावर काम करणाऱ्या स्त्रियांना सुरक्षित आसरा देणारे ‘ग्रँडमाज हाउस’ कुंटणखान्याच्या कायद्याचा बडगा आल्याने बंद पडले. पुढे रॉबर्ट पिक्टन याला त्यांपैकी सहा स्त्रियांच्या खुनाबद्दल २००७ मध्ये दोषी ठरवले गेले. खुनी मोकाट असताना बायकांना आसरा नाकारणारा कायदा आपला हेतूच विसरला आहे, अशा आशयाचे मत न्यायालयाने नोंदवले आणि देहविक्रयाच्या आजूबाजूच्या गोष्टींना गुन्हा ठरवणाऱ्या तीन तरतुदी एकमताने रद्द केल्या. यानंतर संसदेने २०१४ मध्ये गिऱ्हाइकाला गुन्हेगार ठरवणारा कायदा केला. म्हणजे घटनेच्या निकषावर हरलेली बंदी दुसऱ्या दाराने परत आली.

न्यूझीलंडचा अनुभव

न्यूझीलंडचे विधेयक ६० विरुद्ध ५९ अशा एका मताने मंजूर झाले. कोणत्याही क्षणी गिऱ्हाइकाला नकार देण्याचा हक्क, कंडोमची सक्ती आणि मोजक्या जणींनी मिळून मालकाशिवाय एका जागी काम करण्याची मुभा, हे त्याचे गाभ्याचे भाग आहेत. पुढच्या काही वर्षांत झालेल्या पाहणीत निम्म्याहून अधिक सेक्स वर्करनी नकार देणे सोपे झाल्याचे सांगितले. हिंसा संपली नाही, पण दाद मागायला जागा मिळाली. २०१४ मध्ये वेलिंग्टनमधील एका सेक्स वर्करने कुंटणखान्याच्या चालकाविरुद्ध लैंगिक छळाचा दावा जिंकला आणि मानवी हक्क न्यायाधिकरणाने तिला २५,००० न्यूझीलंड डॉलर भरपाई दिली. धंदा करणाऱ्या बाईचाही लैंगिक छळ होऊ शकतो हे एखाद्या न्यायपीठाने मान्य करणे, ही माझ्या मते या सगळ्या इतिहासातली फार मोठी गोष्ट आहे.

आकडेवारी आणि तिच्या मर्यादा

अमेरिकेच्या ऱ्होड आयलंड राज्यात कायद्यातील एका फटीमुळे २००३ ते २००९ या काळात बंद जागेतला देहविक्रय गुन्हा राहिला नव्हता. स्कॉट कनिंगहॅम आणि मनीषा शाह या अर्थशास्त्रज्ञांच्या अभ्यासानुसार त्या काळात राज्यातील नोंदवलेले बलात्कार सुमारे ३० टक्क्यांनी आणि स्त्रियांमधील गनोरिया हा लैंगिक संबंधांतून पसरणारा रोग सुमारे ४० टक्क्यांनी घटला. २०१८ मध्ये ३३ देशांतील अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. ज्यांना पोलिसी दडपशाही सोसावी लागली, त्यांच्यावर हिंसा होण्याची शक्यता इतरांच्या तिप्पट असल्याचे त्यात दिसले.

विरोधी बाजूचा सर्वांत गंभीर आक्षेप मानवी तस्करीचा आहे. देहविक्रय कायदेशीर असलेल्या देशांत तस्करी होऊन येणाऱ्यांचा ओघ जास्त असतो, असा निष्कर्ष २०१३ मधील सुमारे १५० देशांच्या एका अभ्यासाने काढला. तस्करी लपूनछपून होते, तिची नोंद देशोदेशी वेगळ्या पद्धतीने होते, आणि या मर्यादेची जाणीव खुद्द अभ्यासकांनाही होती. तरी हा आक्षेप झटकून टाकण्यासारखा नाही. बाजार वाढला तर त्यात फसवून आणलेल्या मुलीही वाढू शकतात.

परवान्याबाहेरच्या स्त्रिया

जर्मनीने २०१७ च्या कायद्याने सेक्स वर्करना नोंदणी सक्तीची केली. २०२२ च्या अखेरीस नोंद झालेल्या व्यक्ती जेमतेम २८ हजार होत्या. प्रत्यक्षात काम करणाऱ्यांचे अंदाज याच्या कितीतरी पट आहेत. नाव सरकारी कागदावर येण्याची लाज, घरच्यांना कळण्याची भीती, कागदपत्रांचा अभाव अशा कारणांनी अनेकजणी बाहेर राहतात. त्यांच्यासाठी धंदा बेकायदाच असतो, आणि ज्यांना संरक्षण सर्वांत जास्त हवे त्याच कुंपणाबाहेर उरतात.

नॉर्डिक प्रारूपाचे समर्थक देहविक्रयालाच हिंसा मानतात आणि मागणी आटवणे हा एकच उपाय आहे असे म्हणतात. या धंद्यातून बाहेर पडलेल्या अनेक स्त्रियाही त्यांच्या बाजूने बोलतात. २०१० च्या स्वीडिश सरकारी आढाव्यात रस्त्यावरचा देहविक्रय निम्म्यावर आल्याचे म्हटले होते. पण धंदा नजरेआड जाणे आणि बाई सुरक्षित होणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. गिऱ्हाईक पकडला जाण्याच्या भीतीत असला की घाई करतो, नाव लपवतो, आडजागी बोलावतो. फ्रान्समध्ये २०१८ च्या एका पाहणीत बहुसंख्य सेक्स वर्करनी आपली परिस्थिती बिघडल्याचे सांगितले. युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने मात्र २०२४ मध्ये त्या कायद्याने खासगी जीवनाच्या हक्काचा भंग होत नाही असा निकाल दिला. आयर्लंडमध्ये २०१९ साली एका घरात मिळून काम करणाऱ्या दोन परदेशी स्त्रियांना कुंटणखाना चालवल्याबद्दल नऊ महिन्यांची कैद झाली, त्यातली एक गरोदर होती. एकमेकींच्या सोबतीने राहणे हीच तर त्यांची सुरक्षा होती.

स्थलांतरितांचा प्रश्न

न्यूझीलंडच्या कायद्यातही एक मोठे भगदाड आहे. तात्पुरत्या व्हिसावर आलेल्यांना देहविक्रय करण्यास मनाई आहे, आणि केल्यास हद्दपारी होऊ शकते. त्यामुळे मालक किंवा गिऱ्हाईक त्यांना तेवढ्या एका धमकीवर गप्प बसवू शकतो. बेल्जियमने २०२२ मध्ये निर्गुन्हेगारीकरण केले आणि डिसेंबर २०२४ पासून सेक्स वर्करना नोकरीचा करार, आजारपणाची व बाळंतपणाची रजा, पेन्शन, नकाराचा हक्क आणि खोलीत धोक्याच्या सूचनेचे बटण देणारा कायदा लागू केला. हे हक्क नोकरीच्या करारावर काम करणाऱ्यांपुरते आहेत. ज्यांच्याजवळ वास्तव्याची कागदपत्रे नाहीत, त्यांना असा करारच करता येत नाही.