काच टिकते, रेझिन ढिले पडते

नाशिकमधल्या सातपूर-अंबडच्या कारखान्यांत विजेची पॅनेल, स्विचगिअर असे बरेच काही तयार होते आणि त्यात काचकापड (काचेच्या धाग्यांचे कापड) व रेझिन (थर जोडून घट्ट होणारे चिकट रसायन) यांची शीट कुठे ना कुठे लागतेच. ही शीट तापली की आधी दगा देते ते रेझिन. कापडातली ई-ग्लास काच 800 अंश सेल्सिअसपुढे मऊ पडते. साध्या हार्डनरने, म्हणजे रेझिन घट्ट करणाऱ्या रसायनाने, खोलीच्या तापमानालाच सेट केलेले एपॉक्सी रेझिन मात्र 60 अंशांच्या आसपासच ढिले होऊ लागते.

म्हणून हार्डनर बदलायचा. नेहमीच्या द्रव एपॉक्सीचा तुल्यभार (एकमेकांशी पूर्ण जुळायला लागणारे वजनाचे प्रमाण) साधारण 188 आणि डीडीएस या उष्णता झेलणाऱ्या हार्डनरचा 62, म्हणजे 100 ग्रॅम रेझिनला 33 ग्रॅम डीडीएस. ही पूड 120 ते 130 अंशांवर ढवळत, मिश्रण नितळ होईपर्यंत विरघळवावी. एकावेळी थोडेच मिश्रण करा. मोठ्या भांड्यात अभिक्रियेची उष्णता साठते आणि मिश्रण हाताबाहेर जाते.

खरी मेख भट्टीत आहे. शीट 130 अंशांवर कडक होते, टणक वाजते, आणि काम झाले असे वाटते. पण रेझिनचे जाळे विणले जाते तसतसे त्याचे मऊ पडण्याचे तापमान वर चढते. ते भट्टीच्या तापमानाला गाठून थोडे पुढे गेले की रेणू जागच्या जागी थिजतात आणि अभिक्रिया जवळपास थांबते. मग 130 वर कितीही तास ठेवा, फारसा फरक पडत नाही. मिनिटाला 1 ते 2 अंश या गतीने 180 पर्यंत जायचे आणि तिथे किमान 2 तास थांबायचे. वीज वाचवायला हा टप्पा गाळणे सगळ्यात महाग पडते.

कापड सिलेनचा लेप असलेलेच घ्या. सिलेनचे एक टोक काचेला धरते, दुसरे एपॉक्सीला. लेप नसेल तर दोघांच्या सांध्यात पाणी शिरते. नाशिकच्या पावसाळ्यात उघडे राहिलेले कापडही ओल धरते आणि ती ओल भट्टीत वाफ होऊन बुडबुडे सोडते. वापरण्याआधी ते 110 अंशांवर तासभर सुकवावे. थर मध्यापासून दोन्हीकडे सारखे रचावेत, नाहीतर शीट थंड होताना वाकते.

फिनॉलिक रेझिन आगीला जास्त चांगले तोंड देते, पण सेट होताना पाणी सोडते. त्यामुळे थर दाबणारी प्रेस मधूनमधून क्षणभर उघडून वाफ जाऊ द्यावी लागते.

हिशोब असा: चौरस मीटरला 200 ग्रॅमचे कापड, आकारमानाने निम्मी काच, तर प्रत्येक थराला चौरस मीटरमागे साधारण 95 ग्रॅम रेझिन आणि 3 मिलिमीटर जाडीला 19 थर. पडताळणीसाठी तुकडा वजन करून 565 अंशांवर जाळावा. रेझिन जळून काच उरते; सुमारे 68 टक्के वजन उरायला हवे. 60 उरले तर रेझिन जास्त झाले आहे. 75 च्या वर गेले तर कापड कुठेतरी कोरडे राहिले आहे.