हवेतली ओल मोजायची कशी: आर्द्रतामापकांची पार्श्वभूमी

पावसाळ्यात डब्याचे झाकण नीट लागले नाही तर पापड सादळतो, मीठ ओलावते, गुळाच्या ढेपेला पाणी सुटते. हवेतली ओल मोजायला माणसाने सुरुवात केली ती या सादळण्यावरूनच. आज कोल्हापुरातल्या गुळाच्या गोदामात किंवा इचलकरंजीच्या मागाच्या शेडमध्ये टांगलेले छोटे डिजिटल यंत्र त्याच घराण्यातले आहे. म्हणून घराण्याच्या खोडीही त्याच्यात उतरल्या आहेत.

1450 च्या सुमारास निकोलस ऑफ कुसा या जर्मन धर्मगुरूने एक साधी युक्ती लिहून ठेवली. तराजूच्या एका पारड्यात लोकर घालायची, दुसऱ्यात तेवढ्याच वजनाचे दगड. हवा दमट झाली की लोकरीचे पारडे खाली जाते. पुढे 1665 मध्ये रॉबर्ट हुकने ओट धान्याच्या कुसळाचा काटा केला. ओल लागली की कुसळाचा पीळ उलगडतो आणि त्यावर बसवलेली काडी फिरते. आपल्या माळावरच्या कुसळी गवताचे कुसळही असेच वळते; तळहातावर ठेवून पाण्याचा थेंब टाकला तर डोळ्यांदेखत फिरताना दिसते.

या घराण्याला शिस्त लावली ती जिनिव्हाच्या सोस्यूर या शास्त्रज्ञाने, 1783 मध्ये, माणसाच्या केसाने. केस सोड्याच्या पाण्यात उकळून त्याची चरबी काढायची. अगदी कोरड्या हवेतून पूर्ण दमट हवेत नेला की असा केस साधारण दोन ते अडीच टक्के लांबतो. म्हणजे 20 सेंटीमीटर केसामागे जेमतेम 4-5 मिलिमीटर. ती हालचाल चाकावरून काट्यापर्यंत नेऊन मोठी करायची. पण केस सारख्या प्रमाणात लांबत नाही: कोरड्या टोकाला जास्त, दमट टोकाला कमी. शिवाय मार्च-एप्रिलची कोरडी हवा महिनाभर खाल्ली की तो सुस्तावतो. तेव्हा यंत्र रात्रभर ओल्या कापडात गुंडाळून ठेवले की बरेचसे ताळ्यावर येते.

दुसरी वाट वेगळी होती. ती शोषण्याची नव्हे, गार होण्याची. ओल्या कापडात गुंडाळलेला तापमापक बाष्पीभवनाने थंड पडतो आणि हवा जितकी कोरडी तितका जास्त. अठराव्या शतकाच्या अखेरीस जॉन लेस्लीने हे तत्त्व वापरले. 1825 मध्ये जर्मनीत अर्न्स्ट ऑगस्टने ओल्या-कोरड्या फुग्यांच्या (फुगा म्हणजे तापमापकाचा खालचा गोळा) जोडीला आजचे रूप दिले. त्याच शतकाच्या शेवटी रिचर्ड आसमानने तिला पंखा जोडला. तिसरी वाट दवाची. डॅनिएलने 1820 मध्ये ईथरने काच थंड करून दव नेमके कोणत्या तापमानाला धरते ते पाहिले. आजही अचूक प्रयोगशाळांत थंड आरशावर दव पाहूनच बाकीची यंत्रे तपासतात.

आमच्या मते कामाच्या जागेवर आजही सर्वांत भरवशाची जोडी ओल्या-कोरड्या फुग्यांचीच. तिच्या हिशेबाला हवेचा दाबही लागतो. कोल्हापूरची उंची साडेपाचशे मीटरच्या वर, हवेचा दाब सुमारे 950 हेक्टापास्कल. पंख्याच्या यंत्रात कोरडा फुगा 30 आणि ओला 24 अंश दाखवत असेल तर आर्द्रता सुमारे 61 टक्के निघते. आता समजा वात, म्हणजे ओल्या फुग्यावरचे कापड, मळली आणि ओला फुगा 25 वर अडकला. हिशेब थेट 67 वर जातो. वात खराब झाली की चूक बहुतेक वेळा वरच्याच दिशेने होते, कारण फुगा पुरेसा गार होत नाही.

म्हणून वातीकडे लक्ष हवे. मलमल नवी असेल तर आधी साबणाच्या पाण्यात उकळून खळ काढून टाका, नाहीतर ती पाणी ओढत नाही. फुग्यावर एकच पदर, सुरकुती नको. बोअरचे पाणी घातले तर क्षार साचून आठवड्यात वात कडक होते. डिस्टिल्ड वॉटरच घ्या, मात्र गॅरेजमधून आणताना आम्ल मिसळलेले बॅटरीचे पाणी तर नाही ना, ते पाहा. हवा फुग्यावरून सेकंदाला किमान तीन मीटर वेगाने वाहायला हवी. हाताने फिरवायचे यंत्र असेल तर थांबवल्याबरोबर आधी ओला फुगा वाचा, मग कोरडा. सलग दोन वेळा ओल्याचा तोच आकडा आला की नोंद करा.

हे सगळे कापडाच्या धंद्याला जुने आहे. कोल्हापूरची शाहू छत्रपती मिल ही कापडगिरणी 1906 मध्ये उभी राहिली. हवा कोरडी पडली की सुताची ओल जाते, ते ठिसूळ होते आणि ताण्याचे धागे तुटतात. म्हणून माग-शेडमध्ये आर्द्रता चढी ठेवतात. पण जास्त दमट हवेत कामगाराचा घाम सुकत नाही. म्हणूनच 1948 च्या कारखाना कायद्याच्या कलम 15 ने कृत्रिम दमटपणावर नियंत्रण आणले. तिथे चुकीचे आकडे दाखवणारे यंत्र माणसाच्या अंगावर येते.

विजेचे यंत्र 1938 मध्ये आले. अमेरिकेत डनमोरने लिथियम क्लोराइडचा थर वापरला. ओल शोषली की त्याचा विद्युत रोध घटतो. 1973 मध्ये फिनलंडच्या वैसाला कंपनीने पातळ पॉलिमर पापुद्र्याचा धारित्र (विद्युतभार साठवण्याची क्षमता) मोजणारा सेन्सर काढला. आजचे बहुतेक डिजिटल यंत्र त्याच तत्त्वावर चालते. पापुद्रा हवेतले पाणी शोषतो आणि धारित्र वाढते. म्हणजे पुन्हा लोकरच, फक्त सूक्ष्म. धूळ, तेलाची वाफ, गुऱ्हाळाचा धूर त्यात बसला की आकडा सरकतो, आणि पडद्यावर तसे काही दिसत नाही.

तपासायला मीठ पुरते. बाटलीच्या टोपणात साधे मीठ घ्या. ओल्या वाळूसारखे होईल इतकेच पाणी घाला. वर पाणी तरंगू देऊ नका. टोपण आणि यंत्र घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, थेंब यंत्राला लागू नये. उन्हापासून दूर, एकाच तापमानात 8 ते 12 तास. आतली हवा 75 टक्क्यांवर स्थिरावते. यंत्र 81 दाखवत असेल तर त्या भागात 6 वजा करा. मात्र हीच वजाबाकी 35 टक्क्यांना लावू नका: कोरड्या टोकाला चूक वेगळी असू शकते, ती मॅग्नेशियम क्लोराइडच्या ओल्या क्षारावर तपासा. तिथे 33 यायला हवे.