हा पत्ता कोण कोण वापरतंय? एसएपीमधल्या एका उलट्या नोंदीची पार्श्वभूमी

एखाद्या पुरवठादाराने गोदाम भोसरीहून चाकणला हलवलं, तर संगणकात नवा पत्ता भरायला दोन मिनिटं पुरतात. पण हाच पत्ता आणखी कुठे कुठे लागलेला आहे, हे आधी कळायला हवं. या एका प्रश्नासाठी एसएपीमध्ये, म्हणजे कंपन्यांचे हिशेब आणि खरेदी-विक्री सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, वेगळे तक्ते राखले आहेत, आणि त्यामागे बरीच वर्षं आहेत.

आयबीएममधून बाहेर पडलेल्या पाच जणांनी १९७२ साली जर्मनीत एसएपी ही कंपनी सुरू केली. (त्याच वर्षी १५ ऑगस्टला आपल्याकडे पिनकोड आला. तो आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर आपलेच, मराठी.) १९९२ मध्ये आर/३ हे तिचं सॉफ्टवेअर बाजारात आलं, तेव्हा ग्राहकाचा पत्ता ग्राहकाच्या तक्त्यात, केएनए१मध्ये असायचा आणि पुरवठादाराचा एलएफए१मध्ये. एकच कंपनी माल घेणारीही आणि देणारीही असली, तर तिचा पत्ता दोनदा टंकायचा. एकीकडे बदलला आणि दुसरीकडे राहिला, तर कोणाला पत्ताही लागत नसे.

एक गोष्ट एकाच जागी लिहावी, हा विचार तोवर नवा नव्हता. एडगर कॉड यांनी रिलेशनल डेटाबेसची, म्हणजे माहिती एकमेकांशी जोडलेल्या तक्त्यांत ठेवण्याची, मांडणी १९७० मध्येच केली होती. एसएपीने पुढे पत्ते बाहेर काढून एडीआरसी या तक्त्यात ठेवले आणि माणसांच्या नोंदी एडीआरपीमध्ये. ग्राहकाकडे उरला तो पत्त्याचा क्रमांक. खरं तर नाव, गाव अशा काही गोष्टी केएनए१मध्येही तशाच ठेवल्या. जुने रिपोर्ट चालू राहिले, पण थेट तक्त्यात हात घालून गाव ‘दुरुस्त’ करणाऱ्यांची पंचाईत झाली: ग्राहकाच्या यादीत नवं गाव दिसतं आणि बिलावर जुनंच छापून येतं.

पत्ता वेगळा झाल्यावर उलटा प्रश्न उभा राहिला. ग्राहकावरून पत्ता सापडतो, पत्त्यावरून ग्राहक कसा शोधायचा? तोच क्रमांक प्लांटकडे, पुरवठादाराकडे, विक्रीच्या ऑर्डरकडेही असू शकतो. एकेक तक्ता धुंडाळणं परवडणारं नव्हतं. म्हणून एडीआरव्ही हा तक्ता आला. त्याच्या एका ओळीत पत्त्याचा क्रमांक, वापरणाऱ्या तक्त्याचं नाव, त्यातला रकाना आणि नेमक्या नोंदीची किल्ली (ती नोंद ओळखायची खूण) असते. त्या पत्त्याचा मालक कोण, याचीही खूण असते. सोसायटीच्या रजिस्टरात घरमालक आणि भाडेकरू वेगळे दाखवतात, तसंच.

माणसांसाठी असाच एडीआरव्हीपी आहे, पण तिथे गुंता जास्त. कंपनीतल्या खरेदी अधिकाऱ्याचा ऑफिसचा फोन त्या माणसाचा, की त्या जागेचा? एसएपीने उत्तर दिलं: दोघांच्या जोडीचा. त्यामुळे संपर्क व्यक्तीची नोंद पत्ता-क्रमांक आणि व्यक्ती-क्रमांक मिळून ओळखली जाते. मला हा सगळ्या रचनेतला सर्वांत शहाणा निर्णय वाटतो, जरी पहिल्यांदा क्वेरी (तक्त्यांतून माहिती काढायची आज्ञा) लिहिताना तो डोक्याला ताप देत असला तरी.

बरीच वर्षं या तक्त्यांकडे डेव्हलपरांखेरीज फारसं कोणी वळत नसे. २५ मे २०१८ पासून युरोपात जीडीपीआर हा व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा लागू झाला आणि माणसाला आपली माहिती पुसून टाकण्याची मागणी करता येऊ लागली. आपल्याकडेही २०२३ मध्ये व्यक्तिगत डेटा संरक्षणाचा कायदा झाला. आता ‘माझं नाव काढा’ असं पत्र आलं, की आधी बघावं लागतं ते नाव कुठल्या ऑर्डरला, कुठल्या बिलाला अडकलंय, आणि त्यातली कुठली बिलं करकायद्यापायी अजून जपून ठेवायची आहेत.