आयएमएस

आयबीएम कंपनीची मेनफ्रेम (मोठ्या संस्थांची अवजड कामे करणाऱ्या) संगणकांवर चालणारी डेटाबेस व व्यवहारप्रक्रिया प्रणाली. पूर्ण नाव ‘इन्फर्मेशन मॅनेजमेंट सिस्टिम’. हिच्यात माहिती तक्त्यांत नव्हे, तर वंशावळीसारख्या उतरंडीत ठेवतात.

ही उतरंड आली सुट्या भागांच्या यादीतून. यान, यानाचा विभाग, विभागातले यंत्र, यंत्रातला बोल्ट, अशी अपोलो चांद्रमोहिमेची यादी मुळातच झाडासारखी होती. ती सांभाळायला १९६६ मध्ये आयबीएमचे १२, यान बांधणाऱ्या कंपनीचे (पुढची नॉर्थ अमेरिकन रॉकवेल) १० आणि कॅटरपिलर ट्रॅक्टरचे ३ जण एकत्र बसले. १४ ऑगस्ट १९६८ रोजी कॅलिफोर्नियातील डाउनी येथे टंकयंत्रवजा २७४० टर्मिनलवर ‘रेडी’ हा शब्द प्रथम उमटला. १९६९ मध्ये प्रणालीला आयएमएस/३६० हे नाव मिळाले. मुख्य रचनाकार व्हर्न वॉट्स २००९ मध्ये निधन होईपर्यंत तिच्यावरच काम करत होते.

नोंदीच्या तुकड्याला सेगमेंट म्हणतात. बँकेत ग्राहक हा रूट (सर्वांत वरचा) सेगमेंट, त्याखाली खाती, खात्याखाली व्यवहार. कोबॉल या जुन्या संगणकभाषेतला प्रोग्राम ‘जीयू’ कॉलने (प्रणालीला दिलेल्या आज्ञेने) हवा तो सेगमेंट मागतो, ‘जीएन’ने पुढचा. प्रत्येक कॉलनंतर दोन अक्षरी स्टेटस कोड येतो: कोरा असला तर काम झाले, ‘जीई’ आला तर सेगमेंट सापडला नाही. तो न तपासणे ही नवशिक्यांची नेहमीची चूक. अशा वेळी मेमरीत आधीच्याच ग्राहकाची माहिती पडून असते आणि प्रोग्राम ती दुसऱ्याच्या नावावर खपवतो.

संयुक्त खाते आले की झाड अडखळते, कारण खात्याचे ग्राहक दोन, पण उतरंडीत सेगमेंटला पालक (वरचा सेगमेंट) एकच. त्यावर ‘लॉजिकल रिलेशनशिप’ची जोडणी करावी लागते, ती चालते, पण सुटसुटीत म्हणवत नाही. आयबीएमच्याच एडगर कॉड यांनी १९७० मध्ये मांडलेल्या, माहिती तक्त्यांत ठेवणाऱ्या रिलेशनल प्रारूपात ही अडचण उरली नाही आणि १९८३ मध्ये कंपनीने त्यावर आधारलेली डीबी२ ही डेटाबेस प्रणाली आणली. तरी बँका आणि विमा कंपन्यांनी आयएमएस सोडली नाही. ठरलेला प्रश्न दिवसाला लाखो वेळा विचारायचा असेल, तर आधीच आखलेली वाट वेगवान ठरते. शिवाय दशकानुदशके साचलेले कोबॉल पुन्हा लिहिण्याचा धोका कोण पत्करणार? परदेशी ग्राहकांच्या अशा मेनफ्रेम प्रणालींची देखभाल पुण्या-मुंबईतही होते.

आता जावा भाषेतले प्रोग्राम आयएमएसला एसक्यूएलमध्ये, म्हणजे रिलेशनल डेटाबेसच्या प्रश्नभाषेत, प्रश्न विचारू शकतात. ड्रायव्हर (मधला जोडप्रोग्राम) त्या प्रश्नांचे रूपांतर पुन्हा त्याच जुन्या कॉलमध्ये करतो.